टँक यू!

लांबी तोफेसकट २८ सेंटीमीटर, रुंदी जेमतेम १०, वजन साधारण एका मोठ्या हापूस आंब्याएवढं. खरा सेंच्युरियन रणगाडा ५० टनांच्या वर भरतो, चार माणसं पोटात घेऊन चालतो आणि आमच्या सोसायटीत आणला तर पार्किंगचे दोन स्लॉट आणि सेक्रेटरींची झोप एकदमच खाईल. माझा मात्र ए-फोर साइजच्या एका कागदावर आरामात मावतो.

गेले तीन महिने मी तो बनवतेय. रोज नाही हं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ, बस्स. मी पुण्यात एका आयटी कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधायच्या आणि त्या गोड शब्दांत मेल करायच्या. आठ-नऊ तास हे केल्यावर हाताला काहीतरी घट्ट, टणक, पकडता येईल असं लागतं. ऑफिसातली अर्धी मुलं ट्रेकला पळतात, काही जण पॉटरी करतात, एक जण चक्क सावरडो ब्रेडवर पीएचडी करतोय. मी प्लॅस्टिक कापते.

‘तू? आणि रणगाडा?’ हा प्रश्न आता पाठ झालाय. मुलींनी फार तर केक करावा, त्यावर आयसिंगची फुलं काढावीत, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. गंमत म्हणजे माझी केकवाली मैत्रीण या कामात मला सहज मागे टाकेल. कारण दोन्हीकडे लागतं ते एकच : न थरथरणारं मनगट.

३५ चा पाढा

आधी थोडं स्केलबद्दल. सैनिकी गाड्यांच्या मॉडेल्समध्ये सगळ्यात जास्त चालतं ते १:३५ हे माप. म्हणजे खऱ्या वस्तूच्या पस्तिसावा भाग. आता ३५ हा काय आकडा झाला? ना धड दशमान, ना धड फूट-इंच. यामागचा किस्सा जपानचा. शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनांच्या ‘पँथर’ रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. मोटर आणि बॅटऱ्या आत बसतील इतपत त्याचा आकार ठेवला. नंतर हिशेब केला तर तो भरला साधारण १:३५. मॉडेल तुफान खपलं, पुढची मॉडेल्स त्याच मापात आली, मग इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. शास्त्र वगैरे काही नाही, बॅटरीची कृपा! हा किस्सा सांगणारे कंपनीचे सर्वेसर्वा शुनसाकू तामिया २०२५ मध्ये गेले. मोटारीचं मॉडेल नीट जमावं म्हणून या गृहस्थांनी खरी पोर्शे विकत घेऊन ती सुटी केली होती. असे बॉस सगळ्यांना मिळोत.

एकदा का हा ३५ चा पाढा डोक्यात बसला की डोळेच बदलतात. साडेपाच-पावणेसहा फुटी माणूस म्हणजे पाच सेंटीमीटर. दोन भागांच्या जोडात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या रणगाड्यावर ती पावणेदोन सेंटीमीटरची भगदाड फट होते, म्हणजे तुमचं बोट आत जाईल एवढी. वाळूचा एक मिलिमीटरचा कण म्हणजे साडेतीन सेंटीमीटरचा दगड. त्यामुळे चिखल करायला कुंडीतली माती घ्यायची असेल तर ती मलमलीतून गाळून घ्यावी लागते, नाहीतर रणगाडा खडीच्या ढिगात लोळून आल्यासारखा दिसतो. आणि रंग! मोठ्या वस्तूवर जो हिरवा छान दिसतो, तोच बाटलीतून थेट इवल्याशा मॉडेलवर लावला की काळपट वाटतो. म्हणून त्यात थोडा पिवळट-पांढरा मिसळून तो हलका करायचा.

निपर, फाइल आणि धीर

किट म्हणजे एक खोका. आत प्लॅस्टिकच्या फ्रेम्स, त्यांना लटकलेले शेकडो भाग, आणि फर्निचर जोडायच्या कागदासारखी एक पुस्तिका, फक्त दसपट किचकट. माझं किट तैवानचं आहे. सुरुवातीला लागतं काय? प्लॅस्टिक कापायचा निपर, एक धारदार हॉबी नाइफ, चिमटा, चारशेपासून हजार नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर, आणि पातळ ग्लू. हा ग्लू फेव्हिकॉलसारखा चिकटवत नाही, तो प्लॅस्टिक वितळवतो. दोन भाग जुळवून धरायचे, ब्रशचं टोक फक्त सांध्याला टेकवायचं, ग्लू आपोआप फटीत धावतो आणि दोन्ही भाग एकजीव होतात. बोट मात्र सांध्यापासून लांब ठेवायचं, नाहीतर रणगाड्याच्या बाजूवर तुमचा अंगठा कायमचा उमटतो, सातबाऱ्यावर उमटतो तसा.

एक सल्ला दुकानदार देणार नाही म्हणून मी देते : पहिल्याच दिवशी एअरब्रश आणि कॉम्प्रेसर घेऊ नका. चांगला ब्रश आणि अ‍ॅक्रिलिक रंग पातळ करून तीन-चार हात दिले की सुरुवातीला पुरतं. पैसे वाचले तर ते मास्कवर खर्च करा. ग्लू, थिनर आणि प्रायमरची वाफ डोक्यात जाते, शब्दशः. मी प्रायमर मारते तो बाल्कनीत, खोक्याच्या आत, मास्क लावून. खालच्या मजल्यावरच्या आजींना त्याची वेळ ठाऊक आहे, त्या तेवढ्यात कपडे आत घेतात.

आता चाकं. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं दिसतात, पण प्रत्येक जागी आत-बाहेर अशी जोडी असते. म्हणजे दोन्ही बाजू मिळून चोवीस. प्रत्येक चाक फ्रेममधून कापा, कापल्याचा गड्डा घासा, साच्याची शिवण घासा, कडेच्या रबराला काळा नव्हे, गडद राखाडी रंग द्या. चोवीस वेळा! सहाव्या चाकापर्यंत उत्साह असतो, बाराव्यापर्यंत गाणी पुरतात. त्यानंतर मी आकाशवाणी लावते आणि मेंदू बंद करते. मॉडेल सोडून देणारे बहुतेक जण इथेच सोडतात म्हणे. मला उलट हाच भाग आवडतो. इथे कुणी ‘ईटीए काय?’ विचारत नाही.

आत इंजिन बनवायचं नाही, याचं मात्र वाईट वाटतं. सेंच्युरियनमधलं २७ लिटरचं ‘मीटिओर’ म्हणजे स्पिटफायर विमानातल्या रोल्स-रॉइस ‘मर्लिन’चं जमिनीवरचं भावंड. सगळं झाकणाखाली. आणि नशीब बघा, हा रणगाडा बनला जर्मनांशी लढायला, पण पहिले सहा नमुने युरोपात पोहोचले मे १९४५ मध्ये, तिथली लढाई संपल्यावर. मग त्याला काम मिळालं ते कोरियात, सिनाईत, आणि आपल्याकडे पंजाबच्या शेतांत.

कुठल्या दिवशीचा?

जोडकाम संपलं, हिरवा रंग चढला, आणि मग जो प्रश्न आला त्याने मला तीन आठवडे अडवून ठेवलं. किटवाले सांगतात ‘सेंच्युरियन बनवा’. पण सेंच्युरियन अशी वस्तू जगात नसते. एखादा ठरावीक सेंच्युरियन असतो, ठरावीक पलटणीचा, ठरावीक दिवशीचा. खोक्यात ब्रिटिश खुणांचे डिकल्स होते, पाण्यात भिजवून सोडवायचे. मला ते नको होते. मला पूना हॉर्सचा हवा होता.

नावातच आपलं गाव असलेली ही पलटण १८१७ च्या सुमाराची, घोडदळाची. घोडे गेले, रणगाडे आले, नाव राहिलं. तिला दोन परमवीरचक्रं मिळाली आणि दोन्ही सेंच्युरियनवर. पहिलं १९६५ चं, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना. जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची. फिलोरा आणि चाविंडाच्या लढायांत त्यांनी पलटण पुढे नेली आणि १६ सप्टेंबरला ते पडले. दुसरं १९७१ चं, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना. त्यांचा जन्मही पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. कमिशन मिळालं १३ जून १९७१ ला. नोकरीत सहा महिने झालेला मुलगा. आमच्याकडे याला प्रोबेशन म्हणतात.

१६ डिसेंबर १९७१. ढाक्यात शरणागतीवर सही झाली तोच दिवस. पश्चिमेला शकरगढच्या भागात, बसंतर नदीच्या पलीकडे, जरपालजवळ पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे चाल करून आले. मोजक्या सेंच्युरियननी त्यांना अडवलं. खेत्रपालांच्या रणगाड्याचं नाव ‘फॅमागुस्ता’, सायप्रसमधल्या एका बंदराचं. तो पेटला. बाहेर पडायचा हुकूम वायरलेसवर आला. तोफ चालते आहे तोवर सोडणार नाही, असं त्यांनी कळवलं. मानपत्रानुसार त्या दिवशी टिपलेल्या दहा रणगाड्यांपैकी चार त्यांनी स्वतः टिपले. मग दुसरा गोळा लागला. वय २१.

तर फॅमागुस्ता बनवायचा, हे पटकन ठरलं. पण कुठला? सकाळचा, पाणी ओलांडून आलेला? की नंतरचा, जळालेला? मॉडेलवाल्यांच्या जगात जळका रणगाडा म्हणजे भारी काम. गंजाचे पाच थर, काजळी, वितळलेलं रबर. हात दाखवायला यापेक्षा चांगली संधी नाही, आणि फोटो तर काय सॉल्लिड येतात! शिकाऊ माणसाला मोह होणारच. मलाही होता.

नगरची वारी

खरा फॅमागुस्ता दुरुस्त करून आपल्या नगरला (आताचं अहिल्यानगर) आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियमबद्दल तुम्ही ऐकलं नसेल तर पुण्याहून सकाळी निघा, अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या म्युझियममध्ये रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून आपल्या विजयंतापर्यंत आणि पकडून आणलेल्या पॅटनपर्यंत सगळी मंडळी झाडांखाली रांगेत उभी आहेत. शिर्डीला जाताना लोक बाहेरूनच पुढे जातात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

तिथे जाऊन मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, पोत. ओतीव पोलाद गुळगुळीत नसतं, ते नाचणीच्या भाकरीसारखं खरखरीत असतं. घरी येऊन मी पुट्टी ग्लूमध्ये पातळ केली आणि ताठ ब्रशने टरेटवर टोचत गेले. टरेट एकदम ‘वजनदार’ दिसायला लागलं. दुसरी गोष्ट म्हणजे म्युझियम काय दाखवू शकत नाही, ते. तिथले रणगाडे रंगाचे थरावर थर चढून न्हाऊन-माखून उभे आहेत. चिखल नाही, तेल नाही, कुणाच्या बुटाचा ठसा नाही. मला हवा होता कामावरचा रणगाडा. तो सापडला आमच्याच बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर.

रिसालदारकाका

सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणतात आणि ते दर वेळी दुरुस्त करतात : रणगाड्यांच्या पलटणीत सुभेदार नसतो, रिसालदार असतो. साताऱ्याकडचे, नगरला शिकलेले, विजयंताचे ड्रायव्हर म्हणून सुरुवात केलेले. मी मॉडेल ट्रेमध्ये घेऊन वर गेले. काकूंनी चहा टाकला. काकांनी चष्मा बदलला आणि पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत.

‘हे काय गं, इथं गंज?’

‘काका, जुना दिसावा म्हणून…’

‘कोण ठेवील असा? आमच्या स्क्वाड्रनमध्ये असा गंजका दिसला असता तर पोरांची सुट्टी गेली असती.’

आणि मग शिकवणी सुरू झाली. रंगवलेलं चिलखत असं जागोजागी गंजत नाही. गंज धरतात ते ट्रॅक, आणि तेही दोन दिवस उभे राहिले तर. चालते ट्रॅक जमिनीला घासून चांदीसारखे चमकतात. चिखल मागच्या बाजूला जास्त, कारण ट्रॅक तो वर ओढून मागे फेकतात. टरेटवर चिखल नाही, तिथे धूळ, आणि धुळीत बूट. ‘माणूस रोज एकाच जागेवरून चढतो गं. जिन्याची पायरी कशी मधेच झिजते? तसंच.’ म्हणून रंग उडवायचा तो चढायच्या वाटेवर आणि झाकणांच्या कडांवर, सगळीकडे समान नाही. डिझेल असो की पेट्रोल, टाकीच्या तोंडाशी ओला काळपट ओघळ हवाच. सायलेन्सरवर काजळी. आणि मागे सामान कुठे आहे? ताडपत्री, बिछाने, पाण्याचा कॅन, ओढायचा लोखंडी दोर? ‘चार माणसं राहतात त्यात. घर आहे ते.’

कुठल्याही महागड्या मॅगझिनमध्ये हे मला इतक्या सरळ शब्दांत मिळालं नव्हतं. मी मोबाइलवर भराभर टाइप करत होते.

मग मी जळक्या रणगाड्याचं विचारलं. जमेल का, बरं दिसेल का, असं काहीतरी. काकांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी एका बोटाने माझी तोफ हळूच सरळ केली, नळी बरोबर पुढे, मधोमध.

‘हितं ड्रायव्हर बसतो.’ त्यांनी पुढचं झाकण दाखवलं. ‘काही कोनांत नळी अशी येती की त्याचं झाकण पुरतं उघडत नाही. आग लागल्याची ड्रिल असायची आमची. घड्याळ लावून. बाकीचे वरनं निघायचे. मी आधी वर बघायचो, नळी कुठं हाय. एवढी वर्षं झाली, अजून गाडीत बसलो की आधी दार उघडून बघतो.’

काकू म्हणाल्या, ‘लग्नाच्या बसमध्येसुद्धा.’ आणि सगळे हसलो. पण माझ्या डोक्यातला भारी फोटो तिथेच पुसला गेला होता. पाच सेंटीमीटरच्या माणसाचा हिशेब मी करत होते, पण तो माणूस आतून बाहेर कसा येणार, हे मला कधी सुचलंच नव्हतं, कारण मॉडेलमध्ये आत कुणी नसतं.

मी सकाळचा फॅमागुस्ता करते आहे. नदी ओलांडून आलेला, चाकांपर्यंत ओल, वरती डिसेंबरची कोरडी धूळ. तळाचा चिखल गडद आणि किंचित चमकदार, वरचा सुकून फिका. टरेट थोडं वळवलंय, ड्रायव्हरचं झाकण मोकळं राहील असं. कमांडरचं झाकण उघडं आहे. किटमध्ये कमांडरचा अर्धा पुतळा होता, तो मी बसवला नाही. त्याचा चेहरा कसा रंगवायचा हे मला जमणार नाही असं नाही, पण खरंच होऊन गेलेल्या, फोटोत दिसणाऱ्या मुलाचा चेहरा नखाएवढ्या प्लॅस्टिकवर आणायचा, हे मला मानवलं नाही. बघणाऱ्याने नाव वाचावं. नाव मी ट्रिपल झीरो ब्रशने हाताने लिहिलं, श्वास रोखून, एकेका अक्षराला.

आता शेल्फवर जागा केली तर शेजारची जागा रिकामी दिसते. खेत्रपालांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, २००१ मध्ये एक्क्याऐंशीव्या वर्षी सरगोधा हे आपलं जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले होते. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. मुक्काम संपत आल्यावर यजमानांनी त्यांना सांगितलं की १६ डिसेंबरला १३ लान्सर्सकडून समोर मीच होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री दोन वाजेपर्यंत जागी होते. त्या खोलीत पुढे काय बोलणं झालं असेल, कोण आधी उठलं असेल, चहा तसाच राहिला असेल का.

म्हणून पॅटन मागवलाय. आमच्या ग्रुपमधल्या एकाने नाक मुरडलं, ‘दुश्मनाचा कशाला?’ काकांना विचारलं तर ते म्हणाले, ‘कर की. चिखल वेगळा कालवू नको, उरलेलाच वाप.’ खोका काल आला. उघडून आधी चाकांची फ्रेम बघितली. एका बाजूला सहा, आणि तीही जोडीजोडीने. पुन्हा चोवीस!